कीबोर्डवरचा तीनचा आकडा

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. दोनदा कागद घेऊन बसलो आणि दोन्ही वेळा किराण्याची यादी करून उठलो. आता वय त्र्याहत्तर आहे, यापुढे टाळून चालणार नाही. या सदरात लोक आपापले गूढ अनुभव लिहितात, मी ते वाचून हसत आलो. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं... असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. तरी घडलं ते जसंच्या तसं सांगतो, माझ्या चुकीसकट.

गाव वाटूर, तालुका परतूर. आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचा आणि गायचाही रंगनाथ. माझा लहानपणचा मित्र, पण मी शिक्षक झाल्यापासून तोही मला गुरुजीच म्हणायचा. त्याचा सूर ठरलेला — काळी दोन. पेटीवरची दुसरी काळी पट्टी हा त्याचा सा, आयुष्यभर बोटं तिथूनच फिरली.

बारा वर्षांपूर्वी मंडळाने इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेतला. सोबतचं माहितीपुस्तक इंग्रजीत, म्हणून तो लावायचं काम माझ्याकडे आलं. स्टँड उघडायचा, अ‍ॅडॉप्टर नाहीतर सेल, आवाज किती, सगळं मीच बघायचो. त्यात ट्रान्सपोज नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की बोटं तिथंच ठेवून सूर वर-खाली सरकवता येतो आणि किती सरकवला तो आकडा छोट्या पडद्यावर दिसतो. मी लपूनछपून थोडं वाजवायला शिकलो होतो, पण फक्त पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून. ट्रान्सपोज तीनवर ठेवला की माझ्या पांढरीतून रंगनाथचा काळी दोन निघायचा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. लोक हसले असते.

त्या वर्षी परतूरला भजन स्पर्धा होती. सकाळी मंडळी चहाला गेली तेव्हा मी मंडपामागे कीबोर्ड सेलवर लावला, तीनवर ठेवला आणि दोन ओळी वाजवून पाहिल्या. तेवढ्यात आमचं नाव पुकारलं. घाईत तो चालूच ठेवून स्टँडसकट स्टेजवर नेला. आकडा तीनच राहिला.

रंगनाथने नेहमीच्या पट्टीवर बोट ठेवलं. सूर निघाला तीन पट्ट्या वरचा आणि तबला काळी दोनला मिळवलेला. पहिल्याच ओळीला सगळं फाटलं. तो थांबला, आपली बोटं पाहिली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने त्या चढ्या सुरातच गायचं ठरवलं आणि वरच्या जागेवर आवाज चिरकला.

"माऊली, पेटी आणा पेटी! हे तुमच्यानं न्हाई व्हायचं!" कुणीतरी ओरडलं. "रिमोट कुठंय ह्याचं?" दुसऱ्याने विचारलं. मंडप हसत होता.

मी टाळ घेऊन शेजारीच बसलो होतो. पडद्यावरचा तीन मला स्पष्ट दिसत होता. हात पुढे केला असता तर एका क्षणात काम झालं असतं. नाही केला.

परतताना जीपमध्ये तबलजी बाबुराव चिडून म्हणाले, "रंगनाथभाऊ, कोन्तं बटण दाबलं हो तुमी? मी घरून बराबर मिळवून आणला होता तबला!"

रंगनाथने माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, लावताना बराबर होतं ना?"

"मी लावला तेव्हा बिलकुल बरोबर होता," मी म्हणालो.

तो म्हणाला, "मंग माझंच बोट लागलं असंल."

त्यानंतर त्याने ना पेटीला हात लावला, ना भजन गायलं. भजनाला यायचा, मागे बसून टाळ धरायचा. कीबोर्ड माझ्या घरी कव्हरमध्ये पडून राहिला. दोन वर्षांनी रंगनाथ आजारी पडला आणि गेला.

त्याच्या तेराव्याच्या भजनाला पेटीचा भाता फाटला म्हणून कीबोर्ड काढला. नवे सेल घातले, चालू केला... पडद्यावर तीन. मी शून्यावर आणला. दुसऱ्या दिवशी घरी पुन्हा चालू केला, पुन्हा तीन. माहितीपुस्तकात साफ लिहिलं आहे की बंद केल्यावर हा आकडा आपोआप शून्यावर जातो.

मग मी नोंदवही सुरू केली. एकवीस दिवस, रोज सकाळी आठ वाजता. मी चालू केला की तीन. सुनेने चालू केला की शून्य. अ‍ॅडॉप्टर बदलला, सेल काढून ठेवले, खोली बदलली.

"बाबा, तुमचा अंगठा लागत असंल त्या बटणाला," सून म्हणाली.

पेन्सिलीच्या टोकाने चालू केला. तीन.

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर एक दुरुस्तीवाला आहे, त्याच्याकडे नेला. "काका, ह्याला त्याची मेमरीच न्हाई," तो म्हणाला आणि चालू करून दाखवला. शून्य. मी चालू केला. तीन. तो हसला. "वाजून राह्यला ना? मंग कशाला टेन्शन घेता?"

आवाज नाही, सावली नाही, काही नाही. फक्त तो आकडा, तोही माझ्याच हाताला.

पुढची कैक वर्षं कीबोर्ड कपाटावर ठेवला. अधूनमधून लावून बघायचो, आकडा तोच. गेल्या महिन्यात मात्र ठरवलं की आता बोलायचं. रंगनाथच्या घरी गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या. हात थांबला नाही.

"त्यांला माहीत होतं, गुरुजी."

"काय माहीत होतं?"

"तुमी मंडपामागं वाजवून राह्यले होते ना? हे हात धुवायला तिकडंच आल्ते. तुमी लाजताल म्हणून तसेच मागं फिरले. जीपमधी तुमी तसं बोलल्यावर समदं ध्यानात आलं त्यांच्या."

"मग बोलला का नाही?"

"मी बी तेच म्हणलं. तर म्हणे, गुरुजी येतील, सांगतील. दोन वर्षं दिवस मावळताना मला चहात एक कप पाणी जास्त टाकायला लावलं त्या माणसानं."

गेल्या एकादशीला मी मंडळापुढे उभा राहून सगळं सांगितलं. बाबुराव उठून बाहेर गेले, ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं बरोबर आहे. घरी आलो, कीबोर्ड लावला. मला वाटलं होतं, आता शून्य येईल. तीनच आला. आज सकाळीही तीन होता. याचं उत्तर कुणाकडे असेल तर अवश्य कळवावं, पण ते मिळो न मिळो, मी रोज तो लावणार आहे.

रंगनाथला शेवटचं भेटलो ते जालन्याच्या दवाखान्यात. बसमध्ये एक वाक्य घोकत गेलो होतो. त्याने विचारलं, "गुरुजी, चहा घेतला का?" मी हो म्हणालो, मग कापसाचं बोललो, पावसाचं बोललो आणि भेटीची वेळ संपली. ते वाक्य असं होतं — रंगनाथ, तुझं बोट कुठंच लागलं नव्हतं, तो तीन मी ठेवला होता, मला माफ कर.