आईचं गप्प राहणं

माझी धाकटी बहीण सहाव्या वर्षी मेंदूज्वराने गेली. तेव्हा आम्ही भोपाळला, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहत होतो. वडील अहमदनगरहून नोकरीसाठी आलेले, फिटर होते. दफनविधीला आठवडा झाला तशी चर्चच्या मंडळीतली माणसं आमच्या क्वार्टरवर प्रार्थनेला आली. प्रार्थना चालवणारे गृहस्थ कारखान्यात वडिलांचे साहेब होते. त्यांच्यासाठी शेजारून खुर्ची मागून आणली होती. बाकीचे सगळे सतरंजीवर बसले.

पहिलं गीत संपलं आणि आईने एकदम विचारलं, "माझ्या लेकराने देवाचं काय वाकडं केलं होतं?"

साहेबांनी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. त्यात एक गोष्ट आहे: एका माणसाची सगळी मुलं मरतात, तो देवाला जाब विचारतो, मग देव वादळातून बोलतो आणि तो माणूस स्वतःच्या तोंडावर हात ठेवतो. तेवढा शेवटचा भाग त्यांनी वाचला. देवाच्या थोरवीपुढे आपण धूळ आहोत, आपण मौन धरावं, असं त्यांनी शांतपणे समजावलं. आई पुन्हा बोलायला लागली तेव्हा वडील तिच्या कानाशी वाकले. मी तिला चिकटूनच बसले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"गप्प बस. साहेब बसलेत."

ती गप्प बसली. त्यानंतर चर्चमध्ये तिने कधी गीत म्हटलं नाही की मोठ्याने प्रार्थना केली नाही. बायका तिचं कौतुक करायच्या, किती नम्रपणे देवाला शरण गेली म्हणून. वडील ते ऐकून मान डोलवायचे.

वडील रिटायर झाल्यावर आम्ही भोपाळमध्येच अयोध्या नगरला घर घेतलं. तिथे एकदा मेथी निवडताना मी आईला विचारलं, तुला तेव्हा खरंच पटलं होतं का. ती म्हणाली, गप्प होण्याआधी शास्त्रातला तो माणूस पानंच्या पानं बोललाय, भांडलाय, आणि देवाने त्याला बोलू दिलंय. ते त्या दिवशी कोणी वाचलं नाही.

मग जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "त्याच्याकडे देव स्वतः आला, म्हणून तो गप्प झाला. माझ्याकडे यांचे साहेब आले होते."

वडील आतल्या खोलीत होते, दार उघडंच होतं. ते बाहेर आले, चपला घातल्या आणि दूध आणायला निघून गेले. त्यावर ते शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आईने त्यांना माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी केलेलं नाही.