बेचाळिसावी फाइल

सलीमभाई कुठलंही यंत्र हातात आलं की आधी कानाला लावायचे. टेमघरला त्यांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा माझी एसएसडी, म्हणजे कॉम्प्युटरला बाहेरून जोडायची ती चपटी डबी, त्यांनी कानाशी धरली आणि डोळे मिटून बसले. वीस वर्षं ते लूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. बिघडलेली लूम आवाजावरून ओळखायची, ही तेव्हाची सवय.

"जुनी हार्ड डिस्क मरताना कण्हते, ताई," ते म्हणाले. "ही मुकी. आत कोण जिंदा, कोण गेलं, बाहेर पत्ताच लागत नाही."

असलं बोलणं मला आवडत नाही. वडपे गावातल्या गोदामात मालाच्या नोंदी ठेवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. एक, इजेक्ट न करता केबल ओढली. दोन, पुन्हा जोडल्यावर 'फॉरमॅट करा' असा संदेश आला. तीन, फॉरमॅट केलं नाही, पण दुरुस्तीचं बटण दाबलं. चार, फोल्डर गायब.

त्यांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "इथं घाई झाली. पहिले हात मागे, मग डोकं पुढे."

त्या डबीत माझ्या आईचा आवाज होता. आई अंजूरची धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत हळदीपासून वरात निघेपर्यंत धवले गाणारी. तिला लिहिता येत नव्हतं, सगळं तोंडपाठ. शेवटच्या दोन हिवाळ्यांत मी तिचे एक्केचाळीस धवले ध्वनिमुद्रित केले. ती गेल्यावर गावात ते सगळे गाता येणारं कोणी उरलं नाही. 'दुसरी प्रत काढणे' हे काम वर्षभर माझ्या यादीत होतं. त्यापुढे बरोबरची खूण झाली नव्हती.

सलीमभाईंनी आधी डबीतलं सगळं जसंच्या तसं दुसरीकडे उतरवून घेतलं आणि मूळ डबी खणात ठेवली. पुढचं सगळं काम त्या प्रतीवर. याला त्यांचं कारण ठरलेलं होतं. "मुर्द्याला सारखं सारखं उठवायचं नाही. एकदाच उठवायचं, आणि जे सांगेल ते लिहून घ्यायचं." गिऱ्हाइकाने सगळं परत येईल का असं विचारलं, तर ते चहा मागवायचे. त्यावर हो किंवा नाही मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. फायली मिळाल्या होत्या, पण त्यांची नावं गेली होती. उरले होते नुसते आकडे. मी त्यांना दिलेल्या यादीत प्रत्येक धवल्याची पहिली ओळ होती. एकेक ऐकून ते नाव देत होते.

"तुमच्या यादीत एक्केचाळीस," ते म्हणाले. "माझ्याकडे बेचाळीस आहेत. तुम्ही या."

मी गेले तेव्हा त्यांनी दुकानाचं दार आतून लावून घेतलं होतं; मला आत घेऊन पुन्हा लावलं. भर दुपारी, पंखा बंद. त्यांनी फाइल लावली. आई गात होती. मध्येच थांबली आणि तिने विचारलं, "कोन हाय दारान?" मग शांतता. मी घड्याळ पाहिलं, अकरा सेकंदं. मग आईचा तोच मऊ आवाज, पाहुण्याला बोलावतानाचा. "बरं. ये, बस." त्यानंतर काही नाही.

मला सगळं आठवलं. अंजूरच्या घरी ती गाता गाता माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहू लागली होती. मी मागे वळले. दारात कोणी नव्हतं. ध्वनिमुद्रण बिघडेल म्हणून मी तोंडातून शब्द काढला नाही, नुसता हात हलवून गा म्हणून खुणावलं. पण ती बोललीच. अर्धवट म्हणून मी ती फाइल त्याच दिवशी पुसली होती. धवला अर्धा सोडायचा नसतो, असं आईच सांगायची. म्हणून यादीतही घेतली नव्हती.

"ही ऐकताना मी एकटाच होतो," सलीमभाई जमिनीकडे बघत म्हणाले. "अम्माने विचारलं, कोण आहे दारात. माझ्या तोंडून निघून गेलं, मैं हूँ, अम्मा. मला काय माहीत, पुढे ती बस म्हणणार." मग म्हणाले, "जागा तेवढीच होती, ताई. माझ्या जवाबापुरती."

मी त्यांना समजावलं. योगायोग आहे, पुसलेल्या फायली निघतात. ते हो म्हणाले. दार मात्र त्यांनी मी निघाल्यावरच उघडलं. सगळ्या फायली मला देऊन उतरवलेली प्रत त्यांनी माझ्यासमोर पुसली. कोणाचं काही ठेवून घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. ती फाइल पुसू का, असं मी विचारलं तर म्हणाले, "नको. एकदा पुसली, तरी आली ना."

पुढे दोन वर्षं गोदामाच्या कामासाठी मी त्यांच्याकडे जात राहिले. त्या फाइलचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. मागच्या महिन्यात गेले तर शटर खाली होतं. शेजारच्या शिंप्याने सांगितलं, भाई गेले. कामावर बसल्या जागी, दुपारचे. दाराला आतून कडी नव्हती.

आता माझ्याकडे तीन प्रती आहेत, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्या तपासते. एक्केचाळीस धवले ऐकताना भाजी निवडते, कपड्यांच्या घड्या घालते. बेचाळिसाव्याला हात थांबतात. ती अकरा सेकंदं मी काही बोलत नाही.

यादीत त्या फाइलची ओळ मी ती परत मिळाली तेव्हाच घातली होती. क्रमांक बेचाळीस, धवला अर्धा, आणि शेवटी 'दारात कोण' असा रकाना. तो शेवटचा रकाना दोन वर्षं कोरा होता. शिंप्याशी बोलून घरी आले, पेन घेतलं आणि तिथे सलीमभाईंचं नाव लिहिलं.