लिथियमशेजारचं लोखंड

एक्कावन्नाव्या वर्षी पीएचडी पुरी करायची म्हणजे थोडं वेड लागतं. ते माझ्यात भरपूर होतं. जयपूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवता शिकवता प्रबंध रखडत गेला, आणि शेवटी विद्यापीठानं स्वच्छ कळवलं की ही मुदतवाढ अखेरची. आता दिला नाही तर विषय कायमचा मिटला.

माझं काम ताऱ्यांतल्या लिथियमवर. हलकं मूलद्रव्य, आणि नाजूकही. ताऱ्याच्या पोटात उष्णता वाढली की जळून जातं, तरी आकाशगंगेत नवं तयार होत राहतं. मग आकाशगंगेच्या केंद्राकडच्या ताऱ्यांत ते जास्त की कमी, एवढंच मला शोधायचं होतं. ताऱ्याचा प्रकाश रंगांत पसरला की त्यात लिथियमची एक बारीक काळी रेघ दिसते. ती मोजायची आणि पुढचा तारा घ्यायचा.

माझा आलेख केंद्राकडे असा झोकात चढत गेला की मी हुरळलेच. स्टाफरूममध्ये घेवर, इथली जाळीदार मिठाई, वाटला. नवरा म्हणाला, "अगं, आधी प्रबंध तर सादर होऊ दे." मी कुठली ऐकतेय.

चौथ्या दिवशी मेथी निवडताना डोक्यात लख्ख उजेड पडला. लिथियमच्या रेघेला अगदी खेटून लोखंडाची रेघ असते, आणि केंद्राकडच्या ताऱ्यांत लोखंड जास्त. मी दोन्ही एकत्रच मोजल्या होत्या. चढत होतं लोखंड आणि मी कौतुक करत होते लिथियमचं. विद्यार्थ्यांना मी ज्यावरून झापते तीच ही चूक. स्वतःचा इतका राग आला की जुडी तशीच टाकून उठले.

हातात बारा दिवस होते. एकेका ताऱ्यातलं लोखंड वजा करत बसले. स्वयंपाक नवऱ्याकडे, तो कुकरच्या शिट्ट्या मोजायचा, मी रेघा. एरवीची मी चिडकी, पण त्या दिवसांत चक्क गुणगुणत होते. खरं काम होत असलं की मला असंच होतं. आलेख साफ फिरला. केंद्राकडे लिथियम कमी होतं. घेवर खाल्लेल्या प्रत्येकाला गाठून सांगितलं की तो घेवर चुकीच्या निष्कर्षाचा होता. एक सहकारी म्हणाली, "मॅडमजी, घेवर तो सही था."

ही चूक मी प्रबंधात पानभर लिहिली. मार्गदर्शक म्हणाले, काढून टाका, परीक्षकांना आयतं सापडेल, एवढ्यावरून परत पाठवतील. मी काढली नाही.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. "हे कशासाठी लिहिलंत?"

म्हटलं, "माझ्यामागून कुणी याच वाटेनं आलं, तर इथं पडू नये म्हणून."

ते म्हणाले, "मीही तरुणपणी इथंच पडलो होतो. कुठे लिहिलं मात्र नाही." आणि त्यांनी सही केली.

मला रडू फुटलं, सगळ्यांच्या देखत, आणि मी ते आवरलंही नाही.