सतरा नंबरचा एक बास्केट

आमच्या यांची एक सवय पेणकरपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी काही सांगायला आलं की हे आधी विचारणार, "तुम्ही स्वतः बघितलंत?" उद्या पाणी येणार नाही, अमक्याचं लग्न ठरलं, तमका गावी गेला, काहीही असो. "नाही, ऐकलं," म्हटलं की हे म्हणणार, "मग ऐकलं म्हणून सांगा." चौथ्या मजल्यावरचा पिंटू म्हणतो, "काकांना गुड मॉर्निंग म्हणायचीपण भीती वाटते. विचारतील, सूर्य बघितलास का."

ही सवय टेबलाची. हे, सीताराम तांबे, भाईंदर पश्चिमेच्या एका शाळेत शिपाई होते. शाळेत बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान होतं. एकदा माणूस कमी पडला म्हणून पीटीच्या सरांनी यांना स्कोरशीट लिहायला बसवलं. ते बसले ते पंचवीस वर्षं. शाळेच्या मॅचेस, तालुक्याच्या, मग जिल्ह्याच्या. इतर दिवशी बाकं पुसणारा माणूस, पण टेबलावर बसला की मोठमोठे कोच वाकून विचारत, "तांबे, आमच्या पाच नंबरचे फाउल किती झाले?" पंचाने हात दाखवल्याशिवाय यांचं पेन हलायचं नाही. मला म्हणायचे, "चुकलं तर दुरुस्त करता येतं. न बघता लिहिलं तर अख्खी शीट गेली."

लोकेश, आमचा एकुलता एक, त्याच मैदानावर वाढला. उंची माझ्या माहेरची. सव्वीसाव्या वर्षी त्याला नाशिकच्या टीमने घेतलं. पगार घेऊन खेळायची लीग, छोटीशीच. टीव्हीवर नाही, मोबाइलवरपण फक्त सेमीफायनल आणि फायनल दाखवत. जर्सी निळी, नंबर सतरा. जर्सीचा फोटो बघून हे हसले होते. "निळी आहे, म्हणजे आपलीच."

त्याच वर्षी यांचे डोळे गेले. म्हणजे एकदम नाही गेले. जिल्ह्याच्या एका मॅचला डावीकडे झालेला फाउल यांना दिसलाच नाही. पंच म्हणाला, "तांबे, लक्ष कुठंय?" यांनी पेन ठेवलं, शेजारच्या मुलीला आपल्या खुर्चीत बसवलं आणि घरी आले. चहा घेतला नाही. मला म्हणाले, "प्रभा, डाव्या बाजूला माझ्याकडे काहीच नाहीये."

काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. बाहेर बाकड्यावर बसून यांनी एवढंच म्हटलं, "लोकेशला पगारी टीममधून खेळताना एकदा बघायचंय. तेवढं होईपर्यंत टिकू दे." कोणाला म्हणाले कोण जाणे. आमच्याकडे नवस करायची पद्धत नाही. मी रोज सकाळी बुद्धवंदना घेते, त्यात काही मागायचं नसतं. त्या दिवसापासून मात्र माझ्या मनात तेच मागणं येऊ लागलं.

पहिली मॅच नाशिकला. यांना तेव्हा फुंकणीतून बघावं तेवढं दिसत होतं, मधला एक गोल. पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. लोकेश पूर्ण मॅच बेंचवर होता. यांनी त्या गोलात त्यालाच धरून ठेवलं, मैदानाकडे बघितलंच नाही.

"पाय हलवतोय," म्हणाले. "लहानपणापासून घाबरला की पाय हलवतो."

मग पुणे. तिथेही बेंच. मग जयपूर. जयपूरला पोहोचेपर्यंत गोल इतका बारीक झाला की त्यात बॉलपण मावेना. तिथून मी सांगायला लागले. मला काय कळतंय बास्केटबॉलमधलं! माझी सुरुवात अशी, "तो उंच आहे ना, अंबाडा बांधलेला, त्याच्याकडे आहे."

"नंबर सांग गं. केस काय सांगतेस!"

"अहो, पुढचा नंबर बारीक आहे. पाठ दिसली तर सांगणार ना!"

"मग पाठ दिसेपर्यंत गप्प बस."

हळूहळू शिकले. आधी बॉल कोणाकडे, मग कुठे, मग काय झालं. मला काय वाटलं ते सांगायचं नाही. घरीसुद्धा सराव घ्यायचे. गॅलरीत बसून विचारायचे, "खाली काय चाललंय?" मी सांगायची, "भाजीवाला उभाय. उर्मिला वहिनी मेथी घेतायत. चिडल्यात." हे म्हणायचे, "चिडल्यात हे तुला वाटलं. काय दिसलं ते सांग." मी म्हणायची, "जुडी परत टाकली हातगाडीवर." "हां. आता बरोबर."

जयपूरहून येताना लोकेशचा फोन आला. "पप्पा, कशाला एवढी दगदग करता? मी काय खेळतोय तरी का?"

"तू खेळशील त्या दिवशी मी तिथे नसलो तर?" हे म्हणाले.

भावनगरला बोरिवलीहून गाडी. मी भाकरी आणि जवळ्याची चटणी बांधून घेतली होती. डबा उघडल्याबरोबर सुक्या मासळीचा वास सुटला, समोरच्या शेठजींनी नाकाला रुमाल लावला. "बहनजी, ये क्या है?" मी ओशाळले. हे म्हणाले, "प्रोटीन है शेठ. खिलाडी का बाप हूँ." शेठजी हसले, खिडकीजवळची जागा आम्हाला दिली. यांना खिडकीचा काय उपयोग, पण बसले. एव्हाना यांना फक्त उजेड आणि अंधार कळत होता.

भावनगरचा हॉल गच्च भरला होता. गाणी एवढ्या मोठ्याने की माइकवर काय बोलतात ते कळेना. शेवटच्या क्वार्टरमध्ये आमची टीम चोवीस पॉइंटनी मागे होती. यांनी माझं मनगट धरलं.

"आता उतरवेल. हरलेली मॅच आहे. अशा वेळी कोच बेंचवरच्यांना संधी देतात. उतरला?"

"नाही अजून."

थोड्या वेळाने, "उतरला?"

"नाही."

कोचने खरंच दोन मुलं बदलली. त्यात लोकेश नव्हता. तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. बदलीचा बझर यांनी ऐकला. मनगटावरची पकड घट्ट झाली. तोंड मैदानाकडे, डोळे उघडे, आणि चेहऱ्यावर जे होतं ते मला बघवेना.

"उतरला ना?"

मी म्हटलं, "हो. उतरला."

एकदा म्हटल्यावर पुढे सांगावं लागलं. नव्याने उतरलेल्या अकरा नंबरचं सगळं मी सतरा नंबरच्या नावावर सांगितलं. एक रिबाऊंड, म्हणजे रिंगवरून परत आलेला बॉल पकडला, आणि दोन पास. बास्केट मात्र सांगितला नाही, तेवढी हिंमत झाली नाही. दोन मिनिटं हे श्वास रोखून ऐकत होते. मॅच संपल्यावर उठले तेव्हा पाठ ताठ झाली होती, टेबलावर बसायचे तशी.

बाहेर पायऱ्यांशी लोकेश बॅग घेऊन आला. मी त्याला आधी गाठायला हवं होतं. जमलं नाही.

"रिबाऊंड छान घेतलास," हे म्हणाले. "दुसरा पास जरा उशिरा सोडलास का?"

लोकेशने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. माझ्यासाठी तोही खोटं बोलू शकला असता. पण दमलेला, हरलेला, अपमान झालेला पोरगा, आणि शिवाय यांचाच मुलगा.

"पप्पा, मी उतरलोच नाही." मग मला, "आई, हे काय? माझी कीव करता का तुम्ही दोघं?"

यांनी माझा हात सोडला. पायरीचा कठडा चाचपला आणि एक एक पायरी स्वतःच उतरले.

येताना गाडीत एवढंच बोलले, "नाही म्हणाली असतीस तर मी वाईट वाटून घेतलं असतं. बस. आता तू हो म्हटलंस तरी मी काय समजू?"

घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी मी मेणबत्ती लावली, वंदनेला बसले. हे खुर्चीत बसून माझ्यामागे म्हणतात. चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाजच निघेना. मग यांनी ते एकट्याने म्हटलं, आणि पाचव्याला थांबले माझ्यासाठी.

त्यानंतर गॅलरीतले प्रश्न बंद झाले. दूध उतू जातंय म्हटलं तरी हे वास घेऊन बघत. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

आमच्या टीमची शेवटची मॅच इंदूरला. हे जाणार नव्हते. लोकेशने फोन केला. "पप्पा, पुढच्या वर्षी मला ठेवणार नाहीत. कालच सांगितलं. या तुम्ही. बेंचवर असलो तरी या." मग आवाज खाली करून, "आणि आईवर नका धरून बसू."

"धरलं नाही रे," हे म्हणाले. "सुटलंय."

इंदूरला मी बॉल कोणाकडे, कुठे, काय झालं, सगळं नीट सांगत होते. हे मान हलवत होते, लहान मुलाची गोष्ट ऐकावी तसे. डावीकडे एक जाडसर गृहस्थ शेव खात बसले होते.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये आमच्या नऊ नंबरच्या नाकाला कोपर लागलं, रक्त आलं. रक्त थांबेपर्यंत खेळाडूला बाहेर बसवतात, नियम आहे. कोचने बेंचकडे बघितलं. बोट केलं. लोकेश उभा राहिला, वरचं जॅकेट काढता काढता त्याचा हात बाहीत अडकला.

"अहो, लोकेश उतरतोय!"

"राहू दे, प्रभा."

"अहो खरंच! नऊ नंबरला रक्त आलंय. लोकेश आत गेला. शपथ!"

"खऱ्याला शपथ कशाला लागते?"

मी यांची बाही धरली, हलवली. "तुम्हाला काय करू म्हणजे पटेल? बघा, तो… आत आहे हो तो!" रडूच आलं मला. यांनी डावीकडे तोंड वळवलं.

"भाईसाब, नीली जर्सी में सतरा नंबर खेल रहा है क्या?"

"सतरा?" ते गृहस्थ शेव चावत म्हणाले. "रुको अंकल, पीठ नहीं दिख रही. ये ग्यारह है… ये चार…"

"लंबा लडका है," मी मधेच ओरडले, "बताइए ना इनको!"

"एक मिनट, एक मिनट. हाँ, है! सत्रह! वो कोने में खडा… अरे वाह!"

अख्खा हॉल ओरडला.

"क्या हुआ?" हे उभे राहिले. "क्या हुआ?"

"डाल दिया अंकल! तीन पॉइंट! अपने सत्रह ने!"

हे उभेच होते, हात अर्धवट वर. मग बझर वाजला. नऊ नंबर नाकात कापूस घालून परत आला. लोकेश बेंचवर जाऊन बसला, कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. एवढंच. पुढे तो उतरला नाही.

हे सावकाश खाली बसले. बऱ्याच वेळाने माझ्याकडे वळले, भावनगरनंतर पहिल्यांदा. आवाज अगदी मऊ होता.

"सांग. पास कोणी दिला? उडी मारून टाकला की उभ्यानेच?"

मी तोंड उघडलं आणि मग लक्षात आलं. लोकेश आत गेल्यापासून मी मैदानाकडे एकदाही बघितलं नव्हतं. आधी यांच्याकडे बघत होते, मग त्या गृहस्थांच्या तोंडाकडे.

"मला नाही दिसला," मी म्हटलं. "मी तुमच्याकडे बघत होते."

शेववाल्या गृहस्थांनी आमच्यापुढे पुडी धरली. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

बाहेर बस उभी होती. लोकेश धावतच आला, चेहरा दहावीच्या निकालाच्या दिवशी होता तसा. "पप्पा! आईने सांगितलं ना?"

"सांगत होती," हे म्हणाले. "मीच ऐकलं नाही. तू सांग, कसा टाकलास?"

लोकेश आमच्या दोघांकडे बघत राहिला. त्याला कळलं असावं. "काय माहीत पप्पा," तो म्हणाला. "बॉल हातात आला, कोणीतरी अंगावर आलं. पुढचं आठवतच नाही. आवाज झाला तेव्हा कळलं, गेला म्हणून."

"असं होतं," हे म्हणाले. "खेळणाऱ्याला आठवत नाही." त्यांनी चाचपत त्याचा खांदा शोधला, उंच आहे तो, हात वर न्यावा लागला. बसमधून कोणीतरी त्याला हाक मारली. तो आमच्या पाया पडला आणि गेला.

बस सुरू झाली. आम्ही फाटकाशी उभे होतो.

"गेला?"

"हो, निघाली बस."

"खिडकीत आहे? हात केला का त्याने?"

बसच्या काचा काळ्या होत्या. हो म्हणणं किती सोपं होतं, आणि त्याने हात केलाही असेल.

"काच काळी आहे," मी म्हटलं. "काही दिसत नाही."

"बरं," हे म्हणाले. आणि बसचा आवाज येत होता तोवर त्या दिशेला हात हलवत राहिले.