सोनाक्काच्या पाठीमागे

“डोळे मिटा,” डॉक्टर म्हणाले.

सोनाक्कानं डोळे मिटले आणि लगेच उघडले.

“मी सांगेपर्यंत मिटून ठेवायचे, बाई.”

“मिटले की.”

“मिटले, आणि उघडलेत.”

“मग काय करू? भुई हालतीया हितली.”

भिंतीशी ओळीनं बसलेल्या बायका हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. मी सोनाक्काच्या पाठीमागे उभी होते. दोन्ही हात पुढे, तळवे उघडे, पण तिच्या पाठीला लावायचे नाहीत. ती पडलीच तर झेलायचं, एवढंच माझं काम.

मी सोलापुरात एका गिरणीच्या दवाखान्यात कामाला लागले होते. गेटाजवळ दोन खोल्या होत्या. पाणी उकळणं, पट्ट्या धुणं, जखमा बांधणं ही माझी रोजची कामं. चौथीपर्यंत शाळा झाली होती, म्हणून बाटल्यांवरची नावं वाचता यायची. बाई तपासायची असली की डॉक्टर मला जवळ उभं करायचे. मला चार माणसांत बोलायचा धीर नव्हता, पण तिथं बोलावं लागत नसे.

ही तपासणी निघाली ती पार्वतीबाईमुळे. वाइंडिंग खात्यात सगळ्या बायकाच कामाला. सूत बॉबिनवर गुंडाळायचं, धागा तुटला की पटकन गाठ मारायची. सगळं उभ्यानं. मशिनी फिरायच्या त्या चामड्याच्या पट्ट्यांवर. वर छताशी लोखंडी दांडा, त्याच्यावरून पट्टे खाली आलेले, दिवसभर सरसर फिरत असायचे. पार्वतीबाई म्हातारी झाली होती. गाठ मारता मारता तिचा तोल गेला आणि ती पट्ट्यावर पडली. पदर आत गेला, मागोमाग हात. मशीन थांबेपर्यंत तिच्यात काही उरलं नव्हतं. तिला धुऊन दुसरं लुगडं मीच नेसवलं. तिच्या शेजारच्या मशिनीवर सोनाक्का होती.

त्यानंतर मॅनेजरसाहेबांनी डॉक्टरांना सांगितलं, “खात्यातल्या सगळ्या म्हाताऱ्या तपासा. अनफिट असतील त्यांना घरी बसवू. पुन्हा असं नको.”

टेस्ट तीन होत्या. पहिली मुठीच्या ताकदीची. डॉक्टर आधी स्वतःची दोन बोटं पुढे करून “आवळा” म्हणाले. परक्या पुरुषाची बोटं आवळणार कोण? तापल्या तव्याला लागावा तसा हात लावून बायका मागे घ्यायला लागल्या. मग डॉक्टरांनी रक्तदाबाचं यंत्र काढलं. त्याची रबरी पिशवी गुंडाळून मुठीत द्यायची. जितकं जोरानं आवळावं तितका काचेच्या नळीत पारा वर चढे. हे बायकांना आवडलं. एकमेकींचा पारा बघायला माना पुढे येऊ लागल्या.

दुसरी टेस्ट पायांच्या ताकदीची. उकिडवं बसायचं आणि हात न टेकता उठायचं.

तिसरी तोलाची. पावलं जुळवून, हात खाली सोडून उभं राहायचं. आधी डोळे उघडे, मग मिटून. डॉक्टरांनी मला ती आधीच समजावून दिली होती. माणूस तीन गोष्टींच्या आधारानं उभा राहतो. डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग, आणि पायाच्या तळव्यांना कळणारी जमीन. एक कमी पडलं तर उरलेली दोन निभावून नेतात. डोळे मिटायला लावले की बाकीच्या दोन कशा आहेत ते उघडं पडतं.

“आणि एक लक्षात ठेवा,” ते म्हणाले होते, “तुमचं बोट जरी लागलं तरी टेस्ट फुकट. डोळे मिटलेल्या माणसाला एक बोटसुद्धा भिंतीसारखं होतं.”

तर त्या दिवशी सोनाक्काच नव्हे, एकजात सगळ्या बायका डुलत होत्या. मुठीत पारा चढेना. उकिडवं बसून उठणं तर या बायकांचा रोजचा खेळ, जन्म चुलीपुढे गेलेला. पण उठताना गुडघे थरथरत होते. एकीला तर मी काखेत धरून बाकावर बसवली.

मॅनेजरसाहेब दारात उभे होते. “बघा. मी म्हटलं नव्हतं? सगळ्याच गेलेल्या आहेत.”

डॉक्टर चिडले. “या कामावर उभ्या तरी कशा राहतात रोज?”

तेवढ्यात रहिमतबीची पाळी आली. ती शुक्रवार पेठेतून यायची. वयानं सोनाक्काच्या बरोबरीची. तिनं पारा सरळ वर नेला, उकिडवी बसून टुणकन उठली आणि डोळे मिटून खांबासारखी उभी राहिली. डॉक्टर बघतच राहिले.

“तुम्ही काय खाता, बाई?”

“भाकरी खाको आई मैं. तुमे इनों पे गुस्सा नक्को करो, डाक्टरसाब. इनों सब भुक्के हैं. कल रात से पानी बी नै पिए.”

“का?”

सगळ्या नायकिणीकडे बघायला लागल्या. नायकीण म्हणजे खात्यातल्या बायकांवरची मुकादमीण. तिचं नाव नरसव्वा. सगळ्यांना ती धाकात ठेवायची, पण डॉक्टरांपुढे तिनं मान खाली घातली.

“सिद्धेश्वराला सोमवार बोलला आम्ही,” ती म्हणाली. “सगळ्या पास होऊ दे म्हणून. कडक धरला. पाणी पण नाही.”

“तपासणीच्या दिवशी?”

“मग कधी धरायचा? तपासणी झाल्यावर?”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग ते हसले. मॅनेजरसाहेब मात्र घड्याळ बघत होते. डॉक्टर त्यांना म्हणाले, “साहेब, आज मी उपास तपासला. बायका परवा तपासतो.” आणि बायकांना म्हणाले, “पोटभर जेवून यायचं. जी उपाशी येईल तिला मी नापास करीन.”

बायका निघाल्या. जाता जाता रहिमतबीनं सोनाक्काच्या दंडाला चिमटा काढला. “देखी? मेरे अल्ला ने तेरे कू बचाया.”

“गप ग,” सोनाक्का म्हणाली. “परवा तुज्यापेक्षा वर न्हेते का न्हाय पारा, बघ.”

सगळ्यांना वाटलं, सोनाक्काचं डुलणंही उपासाचंच. मलाही तसंच वाटलं.

ती मूळची वैरागकडची. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन गिरणीत आली. मुलगा मोठा झाला, लग्न केलं आणि मुंबईला कामाला म्हणून गेला. त्याचा पत्ता नव्हता. घरात सून हौसा आणि दोन लहान नातवंडं. चाळीतली खोली गिरणीची. सोनाक्का कामावर होती म्हणून ती त्यांच्याकडे होती. काम गेलं की खोली गेली.

ठरलेल्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. मी नळावर भांडी धूत होते. ती माझ्याजवळ उभी राहिली, एक हात नळाच्या कट्ट्यावर ठेवून.

“यमुने, जेवलीस का?”

“जेवले, आक्का. तुम्ही?”

“दोन भाकरी खाल्ल्या. हौसीनं तव्यावरनं काढून दिल्या.” मग थांबून म्हणाली, “तू मागं उभी ऱ्हातीस न्हवं?”

“हो.”

“मग एक काम कर. नुसतं बोट लाव. धरू नको. पदराआडनं लाव, कुनाला दिसत न्हाय.”

मी भांडं विसळत राहिले.

“तुला काय जातंय त्यात?”

“आक्का, आज जेवलाय तुम्ही. काही होणार नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की तिचा हात अजून कट्ट्यावरच होता. भर दिवसा, सपाट फरशीवर, ती हात टेकून उभी होती. तिला आधीच ठाऊक होतं, भाकरीनं हे भागणार नाही.

“मी मशिनीवर डोळं मिटत न्हाय, यमुने,” ती म्हणाली. “मग हितं कशाला मिटायला लावत्यात?”

आतून हाक आली, मी हात पुसून गेले.

तपासणी सुरू झाली. त्या दिवशीच्या बायका वेगळ्याच होत्या. पोटात अन्न होतं, तोंडात पान होतं. एकेक पटापट पास होत गेली. नरसव्वा पास झाली तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड करून हात जोडले. सोनाक्कानं पिशवी आवळली आणि पारा रहिमतबीच्या वर नेला. “बघितलास?” ती म्हणाली. रहिमतबीनं कानाला हात लावले. मग सोनाक्का उकिडवी बसून सहज उठली. डोळे उघडे ठेवून पावलं जुळवली, ताठ उभी राहिली.

“डोळे मिटा.”

मी मागे तळवे उघडून उभी. तिनं डोळे मिटले. या वेळी उघडले नाहीत. तिची पाठ हळूहळू माझ्याकडे आली, माझ्या हातांच्या अगदी जवळ, आणि परत गेली. पुन्हा आली. पायाची बोटं फरशीला घट्ट धरायला बघत होती. लुगड्याचे काठ थरथरत होते.

“यमुने,” ती पुटपुटली. दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही.

बोट लावलं असतं तर ती उभी राहिली असती, हे मला माहीत होतं. डॉक्टर समोर होते, त्यांना दिसलं नसतं. मला पार्वतीबाईचं लुगडं आठवलं. ते सोडवताना अर्धं पट्ट्यातच राहिलं होतं.

मी बोट लावलं नाही. ती मागे आली आणि माझ्या हातांत पडली. हलकी होती. मी तिला बाकावर बसवली. तिनं माझे हात झटकून टाकले.

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि तिच्या पायाशी बसले. तिचे डोळे पदरानं झाकायला सांगून त्यांनी कापसाचा पुंजका तळव्यावरून फिरवला.

“काही लागतंय?”

“कुटं?”

मग अंगठा धरून वर केला. “अंगठा वर आहे का खाली?”

सोनाक्का म्हणाली, “खाली.”

डॉक्टरांनी पाय उलटा करून टाचेवरचा काळा डाग बघितला. “हे काय?”

“चुलीपुढं निखारा पडलेला. पाय ठिवला.”

“दुखलं नाही?”

“वास आला. मग बघितलं.”

मॅनेजरसाहेब आले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना बाजूला नेलं. साहेब म्हणाले, “हाताला तर जोर आहे तिच्या. काम येतं. मग अडचण काय?”

“पायांना जमीन कळत नाही. डोळ्यांवर उभी आहे ती. आणि कामावर डोळे धाग्यावर असतात, साहेब, पायांकडे नसतात. पट्ट्याजवळ नाही ठेवता येणार.”

“मग घरी पाठवू.”

सोनाक्कानं ऐकलं. पदर नीट करायला लागली, नीटच होता तरी.

तेव्हा नरसव्वा उठली. मॅनेजरसाहेबांपुढे बोलताना मी तिला प्रथमच बघत होते. “साहेब, तिची सून आहे. तरणी आहे. तिला घ्या हिच्या मशिनीवर. मी शिकवते.”

“तिला काम कुठं येतं?”

“हिला तरी कुठं येत होतं? मीच शिकवली.”

साहेबांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, “सुनेला मी लगेच तपासतो.” असं ते ठरलं. हौसा पास झाली. खोली राहिली.

पण सोनाक्कानं आयुष्यभर जे केलं ते सुनेकडे गेलं. सकाळी भोंगा झाला की हौसा डबा घेऊन निघायची आणि सासू पोरांना घेऊन दाराशी बसायची. आधी भाकरी सून करायची, सासू न्यायची. आता भाकरी सासू करायची. मी चाळीवरून गेले की ती तोंड फिरवायची. हौसा मात्र मला हात करायची, आणि तेच मला जास्त अवघड वाटे.

एकदा सोनाक्काच्या तळव्याला जखम झाली, काचेचा तुकडा रुतून. तिला अर्थातच कळलं नव्हतं, नातवानं रक्त बघितलं. हौसानं दवाखान्यात आणून सोडली आणि कामावर गेली. मी पाय धुतला, तुकडा काढला, पट्टी बांधली. रोज रात्री दिवा जवळ घेऊन दोन्ही तळवे बघायचे, असं डॉक्टरांनी सांगितलेलं मी तिला सांगितलं. ती तोंड फिरवून बसली होती. काम झाल्यावर उठली, दारापर्यंत भिंत धरून गेली. दाराबाहेर दोन पायऱ्या होत्या आणि तिथं भिंत संपत होती.

ती उभी राहिली. मीही मागे उभी राहिले, सवयीनं, हात पुढे धरून.

“आता लाव की हात,” ती मागे न बघता म्हणाली. “आता कुटं टेस हाय?”

मी तिच्या पाठीला हात लावला. ती दोन्ही पायऱ्या उतरली आणि पोरांना हाका मारत चाळीकडे गेली.

तपासणी आता दर वर्षी होते. आदल्या दिवशी मी वाइंडिंग खात्यात जाते आणि जेवून या म्हणून सांगते. मला तेवढं मोठ्यानं बोलता येतं आता. सोमवार धरायचाच असेल तर पुढचा धरा, असंही सांगते. तपासणीत मात्र मागे उभी राहते ती हात दूर ठेवूनच. बोट लावून कुणी पास होत नाही, पडायची जागा फक्त बदलते.