दारातला श्वास

बारावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या सरांना मुलं ‘वासूसर’ म्हणायची. त्यांचं खरं नाव याच्या आसपासही नव्हतं. पण चिमूटभर क्षारावर आम्ल सोडलं, की परीक्षानळीतून निघणारा वायू हाताने नाकाकडे हलकेच लोटून ते सांगायचे, “अॅसिटेट. व्हिनेगर आहे, दुसरं काय!” सरांना हे टोपणनाव ठाऊक होतं. “माणूस गेला की नाव राहतं म्हणतात. माझा वास राहील,” असं म्हणून स्वतःच हसायचे.

मी त्याच कॉलेजात भाषा शिकवायचे. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी. आम्लाने त्यांच्या बाह्यांना पडलेली भोकं त्यांची बायको रफू करायची आणि सर ते रफू दागिन्यासारखं मिरवायचे.

प्रयोगशाळेचं कुलूप ते स्वतः उघडत. तिथे टेबलाटेबलाला गॅसचे नळ होते, कोपऱ्यात सिलिंडर. एखादा नळ किंचित सुटा राहिला असेल तर कळावं म्हणून सर उंबऱ्यावर थांबायचे, मान वर करून एक खोल श्वास घ्यायचे आणि मग म्हणायचे, “या.” पोरं पाठीमागे त्यांची नक्कल करायची. पण त्या श्वासाआधी कुणाचं पाऊल आत पडत नसे.

एका वर्षी सरांना तापाने धरलं. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. फुलाचा नाही, फिनेलचा नाही, कशाचाच नाही. डॉक्टर म्हणाले, “परत येईल. किंवा नाहीही येणार.” ही गोष्ट घराबाहेर गेली नाही. मला ती बऱ्याच उशिरा त्यांच्या बायकोनेच सांगितली.

“अहो, दूध करपून कोळसा झालं, आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचताय!”

“घासतो मी पातेलं.”

“पातेल्याचं काय घेऊन बसलात? कॉलेजात सांगा आता.”

“सांगितलं की प्रयोगशाळा गेली हातची. मग काय, फळ्यावर समीकरणं लिहीत बसू? ही परीक्षा होऊ दे.”

“आणि तोवर एखाद्या पोराचं काही बरंवाईट झालं तर?”

सर उठले आणि पातेलं घासायला गेले.

कॉलेजात त्यांनी शिकवण्याची पद्धत बदलली. “नाक दगा देतं, कागद देत नाही,” म्हणून लेड अॅसिटेटचे कागद भिजवून वायूवर धरायला लावायचे. कागद काळा पडला की सल्फाइड. आणि वास कसला हे आता स्वतः न सांगता मुलांना विचारायचे. प्राचार्य भर सभेत म्हणाले, “मुलांकडून उत्तर काढून घ्यावं ते या सरांनीच!” आम्ही टाळ्या वाजवल्या. सर खाली मान घालून बसले होते. आम्हाला वाटलं, केवढा हा विनय.

दारातला श्वास मात्र तसाच चालू होता. बंद केला असता तर मुलांनी विचारलं असतं. रोज तेच थांबणं, तीच मान वर, तेच “या.” त्या श्वासात आता काहीही नव्हतं, आणि पोरं त्याच्याच भरवशावर आत जात होती.

परीक्षा तोंडावर आली होती. वाऱ्याने बर्नर विझतात म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या. आदल्या तुकडीतल्या कुणीतरी मागच्या टेबलाचा नळ अर्धवट सुटा ठेवला होता. सर उंबऱ्यावर थांबले. श्वास घेतला.

“या.”

मुलं आत गेली. दोघाचौघांनी नाकं मुरडली, पण प्रयोगशाळेला वास असायचाच. आणि सर ‘या’ म्हणाले होते. सरांनी क्षारांच्या पुड्या वाटल्या, आपल्या टेबलाशी आले आणि पहिला बर्नर पेटवायला काडेपेटी उघडली.

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे ‘घाई’ म्हणत. ती ओरडली, “सर, माझं सल्फाइड! कुजक्या अंड्यांचा वास येतोय!”

“घाईबाई, आधी पुडी तरी सोड!” कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

सरांची काडी पेटीच्या कडेला टेकली होती.

“आम्ल घातलंस?”

“नाही सर, अजून पुडी उघडायचीय.”

“मग वास कुठून येतोय?”

“मला पण येतोय, सर,” मागचा मुलगा म्हणाला. “इकडे जास्तच आहे.”

स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकाचं उग्र वासाचं संयुग मिसळतात. हे सरांनीच मुलांना शिकवलं होतं. त्यांनी काडी हळूच पेटीत परत ठेवली.

“सगळं आहे तिथे ठेवा. दप्तरं राहू देत. दिव्याच्या, पंख्याच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही. बाहेर चला. धावू नका.”

शेवटचं मूल बाहेर पडल्यावर त्यांनी सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि अंगणात आले. आवाज ऐकून मीही वरून खाली आले होते. मुलं त्यांच्याभोवती गोळा झाली.

“सर, तुम्हाला दारातच कळलं होतं ना?”

“अरे, म्हणजे काय! आपली परीक्षा घेत होते सर.”

“भारी, सर! आम्ही नापास, घाई पास!”

घाई लाजून हसत होती. सरांनी काही बोलायची गरज नव्हती. नुसते हसले असते तरी भागलं असतं. प्राचार्य लगबगीने येताना दिसत होते. सरांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता.

“नाही,” ते म्हणाले. “मला काही कळलं नव्हतं. त्या तापापासून मला कशाचाच वास येत नाही.”

हसू थांबलं. पुढची मुलं नकळत एक पाऊल मागे सरकली.

“पण सर, मग तुम्ही ती काडी...” घाई म्हणाली.

“हो बाळा,” सर म्हणाले. “मी ओढणारच होतो.”