काकांची दुपारची झोप

वसईत इंटरनेट पुरवणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी दिवसभर स्क्रीनसमोर बसते. गल्लोगल्ली आमची मशीनं लोखंडी डब्यांत लावलेली आहेत आणि प्रत्येक डब्यात तापमान मोजणारा सेन्सर आहे. डबा तापला की स्क्रीनवर पिवळा इशारा येतो. कानाडोळा केला तर लाल येतो, आणि लाल झालं की मशीन स्वतःहून बंद पडतं. मग अख्ख्या आळीच्या शिव्या मला.

पापडी गावातला एक डबा रोज दुपारी जेवणानंतर पिवळा व्हायचा. तो एका घराच्या ओटीवर होता आणि त्याच्या पंख्याचं बटण घरातल्या बोर्डावर. तिथले काका ओटीवर आडवे झाले की पंखा बंद! मी त्यांच्या लँडलाइनवर फोन करायचे.

"काका, परत बंद केलात ना?"

"मग? तुझा डबा डोक्याशी घरघर करतो. माणसाने झोपायचं की नाही?"

"तुम्ही खुशाल झोपा हो, पण गावाचं इंटरनेट कशाला झोपवता?"

"भांडखोर आहेस बाय तू! सांगतो हिला लावायला."

आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पण खरं सांगते, हे भांडण मला आवडायचं.

एके दिवशी इशारा सकाळीच आला. फोन उचलला गेला तशी मी सुरू झाले, "काय हे काका, आज सकाळीच झोपलात?"

पलीकडे काकी होत्या. "गेले गं बाय ते, काल. आता फादर येतील. मुलगा बोटीवर आहे, त्याला येता येत नाही, तो व्हिडिओवर बघतोय. पंखा मीच बंद केला. त्यांना तो आवाज नको व्हायचा. आज तरी शांत झोपू देत."

अरे देवा! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. त्या घरात मोबाईलला रेंज नाही, सगळी भिस्त आमच्या लाइनीवर. डबा लाल झाला असता तर त्या पोराला होणारं बापाचं शेवटचं दर्शन अर्ध्यावर तुटलं असतं. "पंखा लावा" एवढंच म्हणायचं होतं. जीभ रेटेना. स्कूटर काढली आणि पापडी गाठली.

ओटीवर शवपेटी होती, बायका माळ हातात घेऊन रोझरीची प्रार्थना म्हणत होत्या. समोर खुर्चीवर फोन टेकवून ठेवला होता आणि त्यात मुलाचा चेहरा दिसत होता. मी डब्याचं दार उघडलं, आत हात नेला तर चटका बसला. काकींकडून धान्य पाखडायचं सूप मागून घेतलं आणि वारा घालत उभी राहिले. लोक बघत होते. बघू देत. हात भरून आले, पण त्याच लाइनीला जोडलेल्या माझ्या मोबाईलवर इशारा पिवळाच राहिला.

मधूनमधून काकांकडे बघत होते. इतके किरकोळ अंगाचे असतील असं वाटलं नव्हतं, आवाज कसा दणदणीत होता! मला रडू आवरेना. शवपेटी उचलून सगळे चर्चकडे निघाले, तोवर मुलगा बघत होता. ओटी रिकामी झाल्यावर मी आत जाऊन पंख्याचं बटण दाबलं.

काही दिवसांनी दुपारी जेवणानंतर पापडीचा डबा पुन्हा पिवळा झाला. मी लगेच फोन लावला. तो काकींनी घेतला.

"चुकलं गं बाय. त्यांच्या झोपेची वेळ झाली की हात आपोआप बटणाकडे जातो. लावते हं."

"असू दे काकी," मी म्हटलं. "लाल व्हायला अजून वेळ आहे. झोपू देत थोडं."